निवासी शाळा आणि मास्तरकीची ओढ

तरुण मुले शिक्षकी पेशाकडे का वळतात किंवा का वळत नाहीत, याचा विचार करताना पगार, सुट्ट्या, नोकरीची शाश्वती आणि गावातला मान ही कारणे आधी सांगितली जातात. मात्र या पेशाशी मुलाची ओळख कोठे झाली आणि ती किती जवळून झाली, हा मुद्दा बहुधा मागे राहतो. वास्तविक शिक्षक हा एकच व्यावसायिक असा आहे, की ज्याला मूल रोज पाच-सहा तास आणि वर्षातले दोनशेहून अधिक दिवस प्रत्यक्ष काम करताना पाहते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात या दीर्घ सहवासाला निरीक्षणातून होणारी उमेदवारी असे म्हटले होते. सुताराच्या किंवा लोहाराच्या हाताखाली शिकाऊ मुलगा जशी उमेदवारी करतो, तशी प्रत्येक विद्यार्थी शालेय शिक्षण संपेपर्यंत सुमारे तेरा हजार तास नकळत करत असतो, असा त्यांचा हिशेब होता. तथापि या उमेदवारीतली मोठी उणीवही लॉर्टी यांनीच दाखवून दिली. विद्यार्थ्याला शिक्षक दिसतो तो फक्त फळ्यासमोर; आदल्या रात्रीची तयारी, वह्यांचे गठ्ठे, फसलेल्या तासानंतरची अस्वस्थता आणि कार्यालयाचे कागद त्याला दिसत नाहीत, आणि त्यामुळे हे काम आहे त्यापेक्षा सोपे वाटते. निवासी शाळेत, म्हणजे जेथे शिकणे, जेवणे, झोपणे आणि आजारी पडणे एकाच आवारात घडते अशा शाळेत, हा पडदा बराचसा दूर होतो. म्हणूनच अशा शाळांतील विद्यार्थ्यांना अध्यापनाविषयी वाटणारी ओढ, आणि तितकीच नावडही, स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे.

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या मोठ्या गावातले मूल घर सोडून शिकायला जाते तेव्हा त्याच्यापुढे एकाच प्रकारची निवासी शाळा नसते. पाचवीत असताना निवड परीक्षा देऊन सहावीला प्रवेश मिळाला, तर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय तुळजापूरला आहे; तेथेच सैनिकी विद्यालयही आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या मुलांसाठी शासनाच्या अनुदानावर खासगी संस्था आश्रमशाळा चालवतात, आणि तांड्यावरच्या किंवा पारधी वस्तीवरच्या कित्येक मुलांचा अक्षरांशी पहिला टिकाऊ संबंध तेथेच येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांकरिता साखर हंगामापुरती चालणारी हंगामी वसतिगृहे असतात. याशिवाय दहावीनंतर लातूरला जाऊन वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शिकवणी वर्गांच्या वेळापत्रकाप्रमाणे दिवस काढायचे, ही वाट ‘लातूर पॅटर्न’ने गेल्या दोन-तीन दशकांत इतकी रुळवली आहे, की पालक तिला आता वेगळा निर्णयही मानत नाहीत. या सर्वांना मिळून निवासी शिक्षण म्हटले जात असले, तरी शिक्षक हा माणूस प्रत्येक ठिकाणी निराळा दिसतो.

या जिल्ह्याला निवासी शिक्षणाची आणि त्यातून घडलेल्या शिक्षकांची जी परंपरा आहे, ती आजच्या योजनांपेक्षा बरीच जुनी आहे. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना माध्यमिक आणि त्यापुढचे शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होते, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते, आणि खासगी शाळा काढण्यावर दरबाराची करडी नजर असे. अशा परिस्थितीत असहकाराच्या चळवळीच्या प्रेरणेने १९२१ साली आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी अनुदान आणि सरकारी मान्यता यांच्याशिवाय, मातृभाषेतून आणि देशकार्याचा हेतू मनात धरून चालवलेली शाळा. विद्यार्थी तेथे राहत, आणि शिक्षकही त्यांच्याबरोबरच राहत. १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण कार्यकर्ते, ज्यांनी त्याआधी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले होते, या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे गेले. इतिहासात त्यांची नोंद सेनानी म्हणून झाली हे योग्यच आहे. परंतु त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा पाया मास्तरकीने घातला होता. १९३५ साली ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेत गेले, तेव्हा हिप्परग्यातले सहकारी बाबासाहेब परांजपेही त्या कामात होते. निवासी शाळेत शिकवणे हा त्या पिढीच्या दृष्टीने नोकरीचा प्रकार नव्हताच. पगार नाममात्र, सरकारचा रोष मात्र पक्का, अशी ती गोष्ट होती. असे असूनही तेथे शिकवायला माणसे आली आणि तेथे शिकलेल्यांपैकी काहींना पुढे शिकवावेसे वाटले, यावरून ही ओढ केवळ मिळकतीच्या हिशेबाने मोजता येत नाही, एवढे तरी दिसते. अर्थात त्या काळातील त्यागाचा दाखला देऊन आजच्या शिक्षकाला तुटपुंज्या मानधनावर राबवण्याचे समर्थन करण्याची जी सवय सभा-समारंभांतील वक्त्यांना लागली आहे, ती बरी नव्हे.

बालाघाटाच्या पलीकडे, ब्रिटिश अमलाखालील मुलखात, हेच काम अधिक मोठ्या प्रमाणावर आणि अधिक पद्धतशीरपणे झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. बोर्डिंगातली मुले स्वतः दळत, स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक कोठून आणायचे, हा प्रश्न संस्थेपुढे लवकरच उभा राहिला, आणि त्याचे उत्तर म्हणून १९३५ साली साताऱ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे महाविद्यालय निघाले, जे पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय म्हणून ओळखले गेले. बोर्डिंग, प्रशिक्षण विद्यालय आणि खेड्यातली शाळा अशी साखळी तयार झाल्यामुळे संस्थेच्या वसतिगृहात वाढलेला मुलगा संस्थेचाच शिक्षक होणे ही नित्याची गोष्ट झाली. येथे भाऊरावांची दूरदृष्टी दिसते, कारण मुलामध्ये शिकवण्याची आवड आपोआप जागी होईल अशी वाट न पाहता त्यांनी ती आवड जेथे जागी होण्याचा संभव अधिक, त्या जागेलाच पुढची वाट जोडून दिली.

वसतिगृह आणि शिक्षक यांच्या नात्याचे याच काळातले दुसरे उदाहरण अमळनेरचे आहे. साने गुरुजी १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत त्यांनी ती सांभाळली. मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. महाराष्ट्राच्या मनात ‘गुरुजी’ या शब्दाला जे वजन आहे, त्यातला मोठा वाटा अशा एका माणसाचा आहे, ज्याचे शिक्षकपण वर्गापेक्षा छात्रालयात अधिक फुलले. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत तर याहून जुनी असून तिचा एक उगमही भारतातल्या निवासी संस्थेतच सापडतो. मद्रासमध्ये १७८९ साली सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी निघालेल्या आश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांत मुले वाळूवर अक्षरे गिरवत एकमेकांना शिकवताना पाहिली, तीच रीत आपल्या आश्रमात आणली आणि १७९७ साली इंग्लंडमध्ये त्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. मोठ्या मुलाने लहानांचा वर्ग सांभाळण्याची ही पद्धत पुढे युरोपात आणि अमेरिकेत फोफावली. शिक्षकांवरचा खर्च वाचवणे हा तिच्यामागचा एक उघड हेतू होता, हे विसरता येत नाही; तरीही शिकवून पाहिल्याशिवाय शिकवण्याची गोडी किंवा धास्ती कळत नाही, ही गोष्ट तिने पुढे आणली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत निवासी शिक्षणाला एकदम वेगळा अर्थ दिला. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले पुण्याला नेली आणि वाघोलीच्या संकुलात त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाने पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ उभारले. ज्यांचे आई-वडील किंवा घर गेले होते, अशा मुलांच्या बाबतीत शिक्षकाचे काम पाठ्यपुस्तकापाशी संपणे शक्यच नव्हते. रात्री दचकून उठणाऱ्या मुलाजवळ बसणे, त्याच्या गावाकडच्या नातेवाइकांशी बोलणे, दिवाळीत जाणार कोठे या प्रश्नाचे उत्तर शोधणे, ही कामे कोणत्याही प्रशिक्षण अभ्यासक्रमात नव्हती आणि आजही फारशी नाहीत.

निवासी शाळेतील विद्यार्थ्याला शिक्षक अशा रीतीने चहूबाजूंनी दिसतो. नवोदयसारख्या शाळेत विद्यार्थ्यांची विभागणी निवासगटांत, म्हणजे हाउसमध्ये, केलेली असते आणि प्रत्येक हाउसला एक शिक्षक हाउस मास्टर म्हणून नेमलेला असतो. पहाटेच्या व्यायामापासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत तोच माणूस समोर असतो. आश्रमशाळेत शिक्षकांखेरीज अधीक्षक, स्वयंपाकी आणि कामाठी असतात, पण मुलाला ताप आला तर दवाखान्यात कोण नेतो, हे मुले नीट ध्यानात ठेवतात. अध्यापनाच्या प्रेरणांचा अभ्यास करणारे संशोधक त्यांचे ढोबळमानाने तीन भाग पाडतात: कामातच आनंद वाटणे ही आंतरिक प्रेरणा, पगार आणि सुरक्षितता ही बाह्य प्रेरणा, आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडावे ही परोपकाराची प्रेरणा. निवासी विद्यार्थ्याच्या मनात यांखेरीज आणखी एक गोष्ट काम करते, ती म्हणजे उतराई होण्याची भावना. घरापासून तोडलेल्या वयात ज्याने आधार दिला, त्याच्यासारखे व्हावे असे वाटणे. मात्र हीच जवळीक उलटही फिरते. रात्री अकराला मुलांची हजेरी घेणारा आणि स्वतःच्या मुलांसाठी वेळ न उरलेला शिक्षक पाहिलेला विद्यार्थी या पेशाकडे पाठ फिरवतो; शिक्षकाची छडी आणि अपमान ज्याने चोवीस तास सोसला, त्याची तर गोष्टच वेगळी. विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षे फुकट किंवा नाममात्र मानधनावर शिकवणारे सर ज्या मुलांनी पाहिले, त्यांना शिक्षकांच्या परिस्थितीविषयी कोणी वेगळे सांगावे लागत नाही. दिवसा येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलाला पेशाविषयी भ्रम बाळगता येतो. निवासी मुलाची आवड टिकली तर ती सर्व काही पाहून टिकलेली असते, आणि म्हणून तिची किंमत अधिक मानायला हवी.

ही आवड सर्व निवासी शाळांत सारखी रुजत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या सुमारास नवोदय विद्यालयांची कल्पना पुढे आली आणि प्रायोगिक म्हणून सुरू झालेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक महाराष्ट्रात, अमरावतीला, निघाले. किमान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखून हुशार मुले निवडायची आणि त्यांना उत्तम शिक्षण मोफत द्यायचे, ही मूळ कल्पना. परंतु अशा शाळेचे यश कशावरून ठरवायचे, हा प्रश्न येताच आयआयटी आणि वैद्यकीय प्रवेशाची यादी पुढे केली जाते. दक्षणा फाउंडेशनसारख्या संस्था नवोदयमधील निवडक विद्यार्थ्यांना या प्रवेश परीक्षांसाठी मोफत मार्गदर्शन देतात आणि त्याचा गरीब मुलांना झालेला लाभ खराच आहे; तरी त्याचा एक परिणाम असा, की वर्गातल्या पहिल्या दहांतल्या मुलाने शिक्षक व्हायचे आहे असे म्हटले तर स्वतः शिक्षकच त्याची समजूत काढतात. आश्रमशाळेत चित्र निराळे आहे. ज्याच्या घरात किंवा वस्तीत नियमित पगार मिळवणारे कोणी नाही, अशा मुलाने जवळून पाहिलेला पहिला पगारदार माणूस बहुधा त्याचा शिक्षकच असतो, आणि ‘गुरुजी होणार’ या त्याच्या उत्तरात आवड व महत्त्वाकांक्षा या दोन्ही एकत्र असतात. लातूरच्या शिकवणी वर्गांत तर शिक्षकाचे तिसरेच रूप आढळते: एका विषयाचा तज्ज्ञ, मोठी फी आणि फलकावर छायाचित्र. तेथील विद्यार्थ्याला शिकवण्याच्या धंद्यात पैसा आहे हे कळते, पण पट्टीचा शिकवणारा माणूस शाळेत का नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही.

दहावीतील विद्यार्थ्यांचा कल जाणून घेण्यासाठी राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने २०१६ पासून काही वर्षे कलचाचणी घेतली. तिच्या अहवालात कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रे होती. पोलीस आणि सैन्य यांना त्यात स्वतंत्र घर मिळाले, शिक्षकाला मिळाले नाही. साने गुरुजींच्या पुस्तकाचे नाव धारण करणाऱ्या संस्थेच्या सहभागाने झालेल्या चाचणीत हे घडावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल, परंतु मार्गदर्शनाच्या पातळीवर अध्यापन हे निवडण्याचे क्षेत्र नसून उरलेल्यांची सोय आहे, ही समजूत त्यातूनही डोकावते. अशा समजुतीला छेद देणारे उदाहरण लांबचे नाही. २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळवणारे रणजितसिंह डिसले बार्शीचे आणि त्यांची शाळा माढा तालुक्यातील परितेवाडीची. अभियांत्रिकी सोडून ते अध्यापक विद्यालयात गेले, म्हणजे त्यांच्याही आयुष्यात हा पेशा पहिल्या पसंतीचा नव्हता. पुष्कळदा आवड आधी आणि नोकरी मागाहून असा क्रम नसतो.

आवड असलेल्या मुलाला पुढे ज्या वाटेने जावे लागते, ती समजून घेतल्याशिवाय त्याच्या निर्णयाला नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, जिला लोक आजही डीएड म्हणतात आणि जिचे अधिकृत नाव आता डीएलएड आहे, ही प्राथमिक शिक्षकाची जुनी पायरी. दोन हजारच्या दशकात अशी विद्यालये गल्लोगल्ली निघाली, हजारो पदविकाधारक बाहेर पडले, आणि २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबवण्यात आल्यावर त्यांतली कित्येक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. दरम्यान शिक्षणहक्क कायद्याच्या अनुषंगाने शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, अनिवार्य झाली आणि महाराष्ट्रात ती २०१३ पासून सुरू झाली. तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण अनेक वेळा पाच टक्क्यांच्याही खाली राहिले आहे. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला उमेदवार ‘टेट’ म्हणतात, ती २०१७, २०२३ आणि २०२५ अशी सवडीने झाली आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत निवड होऊ लागली. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागतात. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना तीन हजार रुपये मिळत, पुढे ते सहा हजार झाले आणि २०२३ मध्ये सोळा हजार. डीएड पूर्ण करून पुढच्या भरतीची वाट पाहताना कारखान्यात, मॉलमध्ये किंवा शेतात तिशी ओलांडलेली माणसे या भागातल्या प्रत्येक मोठ्या गावात आहेत, आणि निवासी शाळेतून सुट्टीला घरी आलेले मूल शाळेतल्या सरांना जितके पाहते तितकेच गावातल्या या भावा-काकांनाही पाहते. त्याच्या निर्णयावर अखेर कोणाची छाप अधिक पडत असेल, हे सांगणे अवघड नाही.

मुलींच्या बाबतीत हिशेब थोडा वेगळा पडतो. लवकर लग्न लावण्याचा घरचा आग्रह लांबवण्याचे साधन म्हणून मराठवाड्यातल्या अनेक मुलींना निवासी शाळा आणि वसतिगृह उपयोगी पडते, आणि त्यानंतर ‘बाई’ होण्याला घरून जितकी संमती मिळते तितकी इतर नोकऱ्यांना मिळत नाही. सोयीच्या वेळा, घराजवळची बदली आणि सुरक्षित वातावरण या कारणांनी केलेली निवड खऱ्या आवडीची नव्हे, असा एक आक्षेप घेतला जातो. परंतु ज्या मुलीपुढे दोनच दारे उघडी आहेत, तिने त्यांतले शिकवण्याचे निवडले तर त्या निवडीला दुय्यम म्हणण्याचा अधिकार ज्यांना सगळी दारे उघडी आहेत त्यांना नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बीएड अभ्यासक्रम ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे ठरवले आहे, म्हणजे बारावीनंतर लगेच ठरवून या पेशात शिरायचे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बीएडधारक प्राथमिक शिक्षकपदासाठी पात्र नाहीत असा निकाल दिला आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेचा पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. नियम असे बदलत असताना सतरा वर्षांच्या मुलाकडून ठाम निर्णयाची अपेक्षा होऊ लागली आहे. हा अभ्यासक्रम चालवणारी महाविद्यालये मोठ्या शहरांतच एकवटली, तर बेंबळी किंवा लोहाऱ्याच्या बाजूच्या मुलाला पुन्हा चार वर्षांच्या वसतिगृहाचा खर्च काढावा लागेल, आणि तोच खर्च करायचा तर अभियांत्रिकीचा का नको, असे घरात विचारले जाईल.

नेमणूक झाल्यावर निवासी शाळेतून आलेल्या शिक्षकाला आणखी एक फरक जाणवतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहावे असा नियम आहे आणि घरभाडे भत्त्यासाठी तसा ग्रामसभेचा ठरावही मागितला जातो. प्रत्यक्षात खेड्यात भाड्याने धड घर मिळत नाही, स्वतःच्या मुलांच्या शाळेची सोय नसते, आणि म्हणून बहुसंख्य शिक्षक तालुक्याच्या गावाहून रोज अप-डाउन करतात. २०२२ साली या विषयावरून राज्यात मोठा वाद झाला, तेव्हा शिक्षक संघटनांनी खेड्यात शासनाने शिक्षकनिवास बांधून द्यावेत, अशी बाजू मांडली होती.